विजेच्या तारेतून माडीवर इंटरनेट न्यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिवाजी पेठेत जुनं घर आहे. पुढच्या सोप्यात फायबरचा डबा बसवलाय आणि मुलीची अभ्यासाची खोली मागच्या बाजूला माडीवर आहे. मध्ये दोन जाड भिंती. खोलीत वायफाय येतं-जातं आणि ऑनलाइन क्लास ऐन वेळी अडकतो. भिंत फोडायची नाही, आणि घरभर लोंबणारी वायर सासूबाईंना चालणार नाही. पॉवरलाइन अॅडॉप्टरबद्दल वाचून तुम्ही विचारलंय, ‘६०० एमबीपीएसचा घेऊ की २००० चा?’

मी कोल्हापुरात गेली १८ वर्षं वायरिंग, कॅमेरे आणि घरातल्या नेटवर्कची कामं करतो. माझ्या अनुभवावरून सांगतो, डब्यावरचा आकडा सध्या बाजूला ठेवा. मुलीच्या एका व्हिडिओ क्लासला ४-५ एमबीपीएस पुष्कळ झाले. तुमची अडचण वेगाची नाहीच, तुम्हाला न तुटणारी लाइन हवी आहे. ती मिळेल की नाही हे कंपनी ठरवत नाही, तुमच्या घरातली तार ठरवते. सोप्यातल्या बोर्डापासून माडीवरच्या बोर्डापर्यंत वीज कुठल्या वाटेनं जाते, हा खरा प्रश्न आहे. घर न बघता ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं मी सांगू शकत नाही, पण तुमचं तुम्हाला कसं ठरवता येईल ते सांगतो.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. अॅडॉप्टर जोडीनं मिळतात. एक राउटरजवळच्या बोर्डात लावून राउटरला छोट्या केबलनं जोडायचा, दुसरा लांबच्या खोलीत. आपल्या तारेतली वीज ५० हर्ट्झची. तिच्याच अंगावर हे अॅडॉप्टर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झचे बारीक बारीक लहरींचे शेकडो पट्टे चढवतात आणि प्रत्येक पट्ट्यावर थोडी थोडी माहिती पाठवतात. तारेवर जो पट्टा स्वच्छ जातो त्यावर जास्त माल भरायचा, जो खराब आहे त्यावर कमी भरायचा किंवा तो सोडून द्यायचा, हा हिशेब ते सतत नव्यानं मांडत असतात. म्हणून एकाच घरात सकाळी एक वेग आणि संध्याकाळी दुसरा दिसतो.

ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांना मी हे पाटाच्या पाण्यावरून समजावतो. मोटर सुरू केली की पाणी पाटानं निघतं, पण वाटेत जेवढी बारी (पाणी वळवायची तोंडं) फुटलेली असतील तेवढ्यांकडं थोडं थोडं वळतं आणि शेवटच्या सरीला उरलंसुरलं पोचतं. घरातली वायरिंग तशीच असते. प्रत्येक बोर्ड, प्रत्येक पंख्याचा पॉइंट, प्रत्येक जंक्शन बॉक्स हा त्या तारेला फुटलेला फाटा आहे. लहरी त्या फाट्यांत शिरतात, बंद टोकाला आपटून परत येतात आणि पुढं जाणाऱ्या लहरींना कापतात. त्यामुळं दोन खोल्यांमधलं चालण्याचं अंतर वीस पावलं असलं, तरी तार मेन बोर्डापर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर अॅडॉप्टरसाठी ते अंतर साठ पावलांचं होतं. मोजायची असते ती तारेची वाट.

आता तुमच्या घरात काय काय बघायचं.

पहिली गोष्ट मीटर. जुन्या घरांत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात आणि महावितरणचे दोन-तीन मीटर शेजारी शेजारी लटकत असतात. सोपा एका मीटरवर आणि मागची माडी दुसऱ्या मीटरवर असेल तर हा बेत इथंच सोडा. दोन मीटर आणि दोन मेन स्विच ओलांडून पलीकडं जाणारा सिग्नल इतका क्षीण होतो की त्याच्या भरवशावर मुलीचा क्लास सोडता येत नाही. राजारामपुरीतल्या एका बंगल्यात मी अर्धा दिवस याच कामात घालवला होता. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, जिन्याखाली दोन मीटर. दिवे हिरवे लागायचे, पाच मिनिटं चालायचं आणि तुटायचं. शेवटी जिन्याच्या कडेनं पट्टीतून केबल नेली, दीड तासात काम झालं. त्या दिवसापासून मी आधी मीटर मोजतो. थ्री फेज कनेक्शन असेल तर तोच नियम थोडा सौम्य होऊन लागतो. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या तर कधी चालतं, कधी नाही, कारण सिग्नलला एका फेजवरून दुसऱ्यावर शेजारून धावणाऱ्या तारांमधूनच उडी मारावी लागते. वायरमनला विचारून दोन्ही पॉइंट एका फेजवर घेता आले तर उत्तम.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टर. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण परदेशी व्हिडिओंत याचा उल्लेखच नसतो आणि आपल्याकडं निम्मे घोटाळे इथंच होतात. वायरमन इन्व्हर्टर बसवतो तेव्हा ठरावीक पॉइंटसाठी, म्हणजे प्रत्येक खोलीतला एक दिवा, पंखा आणि एखादा सॉकेट यांच्यासाठी फेजची वेगळी तार ओढतो. न्यूट्रल बहुतेक ठिकाणी सामाईकच राहतो. म्हणजे एकाच बोर्डावर डावीकडचा सॉकेट साध्या लाइनवर आणि उजवीकडचा इन्व्हर्टरवर, असं सर्रास असतं. राउटर आपण इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावतो आणि पहिला अॅडॉप्टरही तिथंच खोचतो. माडीवरचा दुसरा अॅडॉप्टर मात्र मोकळा सॉकेट दिसला म्हणून साध्या लाइनवर जातो. आता सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं. तिथं रिले (लाइन आपोआप बदलणारा स्विच) असते, गोंगाट अडवणारी फिल्टर असते, आणि त्या फिल्टरला तुमचा इंटरनेटचा सिग्नलही गोंगाटच वाटतो. वीज असताना अडखळत चालेल. वीज गेली की साध्या लाइनवरचा अॅडॉप्टर तर बंदच पडणार.

म्हणून दोन्ही अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. कुठला सॉकेट कुठल्या लाइनवर आहे हे कळायला सोपी युक्ती: दिवसा मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर सुरू राहू द्या आणि मोबाइलचा चार्जर घेऊन घरभर फिरा. जिथं चार्ज होतो तो इन्व्हर्टरचा सॉकेट. कागदावर लिहून ठेवा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि नुसतं एवढं करून माझ्याकडची कितीतरी गिऱ्हाइकं सुटली. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा असेल तर बॅटरीवर चालताना तो स्वतःच बराच गोंगाट करतो. म्हणून चाचणी वीज असताना एकदा आणि मेन पाडून एकदा, अशी दोनदा करायची. राउटरला बारका १२ व्होल्टचा यूपीएस लावला असेल तर लक्षात ठेवा, त्यानं फक्त राउटर जिवंत राहतो. अॅडॉप्टरला वीज बोर्डातूनच लागते.

तिसरी गोष्ट वायरिंगचं वय. पेठांमधल्या घरांत अजूनही लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेली दोन तारांची वायरिंग दिसते. बोर्डावर तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागं काहीच जोडलेलं नसतं. तुमच्या आकड्याच्या प्रश्नाचं उत्तर इथं दडलंय. १०००-२००० लिहिलेले नवे अॅडॉप्टर वेग वाढवतात तो दोन मार्गांनी: फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरून, आणि ३० मेगाहर्ट्झच्या वरचे, ८६ पर्यंतचे पट्टे घेऊन. अर्थिंग नसेल तर पहिला फायदा बाद. वरचे पट्टे लांब, फाटेदार तारेत लवकर विरतात, म्हणजे दुसरा फायदाही फारसा उरत नाही. मग महागातल्या आणि मधल्या जोडीत तुमच्या माडीवर कळण्याजोगा फरक राहणार नाही. उलट ६०० छापलेल्या बऱ्याच अॅडॉप्टरना केबलचं पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं, तेव्हा ६०० हा आकडा हातात कधीच पडत नाही. डब्यावरचा आकडा म्हणजे दोन्ही दिशांची, तारेवरची, कागदावरची बेरीज. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून बरंच कमी धरा. तरी क्लासला ते पुरून उरतं.

जुन्या वायरिंगबद्दल आणखी एक, आणि हे मी कळकळीनं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथले खालचे बोर्ड दिसायला कोरडे झाले असले तरी आतले जोड हिरवे पडलेले असू शकतात. नदीकाठच्या भागातल्या एका घरी मला ‘अॅडॉप्टर खराब निघाला’ म्हणून बोलावलं होतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास लाइन तुटायची. बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा जोड काळा ठिक्कर. संध्याकाळी सगळे दिवे, टीव्ही, शेगडी सुरू झाली की तो जोड तापायचा आणि आत बारीक ठिणग्या पडायच्या. अॅडॉप्टर धडधाकट होता. त्यानं घरातला धोका आधी दाखवला, एवढंच. बोर्ड बदलला आणि तारांची टोकं कापून नवे जोड केले, मग इंटरनेटही आपोआप सुधारलं. तुमच्याकडं पाणी आलं नसेल तरी बोर्ड तापतो का, स्विच दाबल्यावर चटचट आवाज येतो का, जळका वास येतो का हे बघा. तसं काही असेल तर इंटरनेट नंतर, आधी परवानाधारक वायरमन. बोर्ड स्वतः उघडू नका.

चौथी गोष्ट घरातला गोंगाट. मोबाइलचे स्वस्त चार्जर, काही एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर, पाण्याची मोटर, ही सगळी मंडळी तारेवर कचरा टाकतात. पण अॅडॉप्टरचा सगळ्यात मोठा शत्रू वेगळाच आहे, आणि तो आपण काळजीपोटी आणतो. तो म्हणजे स्पाइक गार्ड, विजेच्या झटक्यापासून यंत्रं वाचवायला लावतो तो जास्तीच्या सॉकेटचा बोर्ड. त्याचं कामच वरच्या लहरी गिळणं. अॅडॉप्टर स्पाइक गार्डला लावला की सिग्नल दारातच मेला. अॅडॉप्टर नेहमी थेट भिंतीतल्या सॉकेटला. त्याच गुणाचा उपयोगही होतो: लॅपटॉप, टेबललॅम्प, चार्जर हे सगळं स्पाइक गार्डवर घ्या, म्हणजे त्यांचा कचरा तिथंच अडतो आणि अॅडॉप्टरला तार मोकळी मिळते. गुजरीतल्या एका सराफाच्या दुकानात वरच्या कारखान्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र सारखं गोठायचं. कॅमेऱ्याजवळचे दोन चार्जर असे बाजूला घेतले, दुसरं काहीही केलं नाही, आणि चित्र सुरळीत झालं.

अॅडॉप्टर विकत घेण्याआधी तुमच्या घराचा एक फायदा सांगतो, जो नव्या फ्लॅटवाल्यांना नाही. तुमच्या दगडी भिंती वायफायला अडवतात, पण माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली असेल, तर तीमधून वायफाय बऱ्यापैकी वर जातं. दोन फुटी दगडापुढं फळीचा अडथळा काहीच नाही. म्हणजे इंटरनेट माडीवर नेण्याऐवजी मुलीच्या खोलीच्या बरोबर खाली, मागच्या स्वयंपाकघरात किंवा न्हाणीच्या अलीकडं आणून सोडलं, आणि तिथं दुसरा वायफायचा डबा उंचावर लावला, तर वरची खोली व्यापते. वरून सिमेंटचा स्लॅब टाकलेला असेल तर ही गोष्ट तेवढी सोपी राहत नाही, ते तुम्हीच बघून सांगाल.

मग तो डबा तिथवर न्यायचा कसा? सगळ्यात आधी तुमच्या केबलवाल्याला विचारा की फायबरचा डबाच घराच्या मध्यावर सरकवता येईल का. फायबरची तार बोरूएवढीही जाड नसते, दाराच्या चौकटीच्या वरून, तुळईच्या कडेनं नेली तर डोळ्यांत येत नाही. तिला झटकन मोडेल अशी घडी मात्र घालू द्यायची नाही. हे जमलं तर कुठलंच यंत्र विकत घ्यायला नको. ते जमत नसेल तर साधी नेटवर्कची केबल भिंतीच्या रंगाच्या केसिंग पट्टीतून न्या. १०० मीटरपर्यंत ती पूर्ण वेग देते, मोटर लागो नाहीतर मिक्सर. सासूबाईंना पट्टीचा एक तुकडा भिंतीला धरून दाखवा. लोंबणारी वायर आणि पट्टी यांत फार फरक आहे, आणि माझ्या अनुभवात घरातली वडीलधारी माणसं पट्टीला बहुधा हरकत घेत नाहीत. तांब्याची केबल छपरावरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून मात्र नेऊ नका. आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा अशी उघडी केबल दोन्ही टोकांची यंत्रं जाळून टाकते. बाहेरून न्यायचीच वेळ आली तर धातूची तार नसलेली फायबर न्या, तीत वीज वाहत नाही.

वायफाय रिपीटर किंवा मेश, म्हणजे वायफाय पकडून पुढं देणारे डबे, यांचं काय, असं विचाराल. रिपीटर मागच्या खोलीत ठेवून उपयोग नाही, कारण जिथं सिग्नलच मरतोय तिथं तो काय पुढं देणार? भिंतीच्या अलीकडं, जिथं अजून चांगला सिग्नल आहे तिथं ठेवावा लागतो, आणि तुमच्याकडं ओळीनं दोन भिंती आहेत.

यातलं काहीच जमत नसेल आणि मीटर एक, लाइन एक, बोर्ड धड असं असेल, तर पॉवरलाइन घ्या. मी ती विचारपूर्वक लावतो आणि बरीच घरं वर्षानुवर्षं तिच्यावर सुखानं चाललीत. फक्त परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि पिन बघून घ्या. बाजारात युरोपच्या गोल दोन पिनांचे नग फिरतात. कन्व्हर्टर लावून ते बसतात, पण अर्थिंगचा संपर्क जातो आणि जड अॅडॉप्टर ढिल्या कन्व्हर्टरवर लटकत राहतो. आपल्या तीन पिनांचा, सॉकेटमध्ये घट्ट बसणाराच घ्या. आकारही बघा. आपल्या बोर्डांवर सॉकेटच्या अगदी शेजारी स्विच असतात आणि रुंद अॅडॉप्टर दोन स्विच झाकून टाकतो.

जोडी घरी आली की लगेच माडीवर पळू नका. आधी दोन्ही अॅडॉप्टर सोप्यातच, दोन वेगळ्या सॉकेटना लावा आणि लॅपटॉप केबलनं जोडून वेग बघा. हा तुमच्या घरातला सगळ्यात चांगला आकडा. मग एक अॅडॉप्टर मागच्या खोलीत न्या. तिथं प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा, एकाच खोलीतल्या दोन सॉकेटमध्ये दुपटीचा फरक मी पाहिलाय. लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्यावर, बहुतेक १९२.१६८.१.१ वर, पिंग (राउटरला सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते दाखवणारी चाचणी) चालू ठेवा आणि अर्धा तास बघत बसा. उत्तर काही मिलिसेकंदांत, सारख्या चालीनं येत असेल तर लाइन चांगली. मध्येच शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर वेगाची चाचणी कितीही छान दाखवो, क्लास अडकणारच. ही चाचणी दुपारी घर शांत असताना करून समाधान मानू नका. सकाळी नळाला पाणी आल्यावर मोटर चालू असताना करा, संध्याकाळी सात ते नऊ सगळे दिवे लागलेले असताना करा, आणि मेन पाडून इन्व्हर्टरवर करा. तिन्ही वेळा टिकली तर ठेवा. एकदा जरी तुटली आणि सॉकेट बदलूनही जमलं नाही, तर मुदतीच्या आत परत करा. खूप चांगल्या कंपनीचा असला तरी.

ठेवायचं ठरलं की दोन कामं उरतात. एक, दोन्ही अॅडॉप्टरवरचं पेअरचं बटण दोन मिनिटांच्या आत एकामागोमाग दाबून त्यांचं स्वतःचं जाळं बांधा. कारखान्यातून येताना बऱ्याच अॅडॉप्टरना एकच ठरावीक नाव दिलेलं असतं. सिग्नल मीटर ओलांडून थोडासा का होईना शेजारी झिरपू शकतो, आणि पेठेत तर भिंतीला भिंत लागून घरं. बटण दाबलं की मधली माहिती तुमच्याच किल्लीनं कुलूपबंद होते. दोन, माडीवर जुना राउटर वायफायसाठी लावणार असाल तर त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्या, आणि अॅडॉप्टरची केबल त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून इंटरनेट येण्याच्या तोंडाला) न लावता लॅन पोर्टला (घरातल्या यंत्रांच्या तोंडाला) लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरसारखाच ठेवा, चॅनल वेगळा. मुलीच्या टेबलावर लॅपटॉप असेल तर वायफायचाही फाटा नको, अॅडॉप्टरमधून थेट केबल लॅपटॉपला लावा.

मीटर किती आहेत, माडीची जमीन फळ्यांची की स्लॅबची, आणि इन्व्हर्टरचे सॉकेट कुठं कुठं निघाले, एवढं कळवा. त्यावरून पट्टी कुठून न्यायची किंवा अॅडॉप्टर कुठल्या सॉकेटला लावायचा, ते नेमकं सांगतो.